धाकट्यापुढून नेलेलं ताट

मला कोणी पापी म्हटलं असतं, तर सहा वर्षांपूर्वी मी चांगलाच भांडलो असतो. उभा जन्म रेल्वेत नोकरी केली, कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायलो नाही, आणि इथल्या आमच्या उज्जैनच्या चर्चच्या मंडळीत पंच म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकाबाकावर फिरवायचा मान माझ्याकडे. धाकटा भाऊ मात्र दारुडा. आई त्याच्याच काळजीनं गेली, असं मी चारचौघांत म्हणायचो.

एका रविवारी तो कितीतरी महिन्यांनी चर्चमध्ये आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, बसला शेवटच्या बाकावर. भाकरीचं ताट घेऊन मी पोहोचलो, तर त्याचा पुढे केलेला हात थरथरत होता. पिऊन आलाय मेला, प्रभूच्या घरात तरी लाज बाळगायची, असं मनात म्हणालो आणि ताट त्याच्यापुढून तसंच पुढे नेलं. सगळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. तो उठून गेला, तो परत आलाच नाही.

पुढे मला प्रार्थना करता येईना. ओठ हलायचे, आत सगळं कोरडं. त्या शेवटच्या बाकाशी आलो की नजर वळवायचो, तरी त्याला शोधायला मी गेलो नाही. अहंकार, दुसरं काय! शेवटी या उन्हाळ्यात एके दिवशी हात टेकले. म्हटलं, प्रभू, मला काही जमत नाही, तूच काय ते कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधव नगरच्या आमच्या घरी एक अनोळखी बाई पत्ता विचारत आली. नानाखेड्याच्या बस स्टँडवर तिची पोह्यांची गाडी. धाकटा तिच्याकडे प्लेटा धुवायचा. त्याचं लिव्हर गेलं होतं, तिनंच त्याला दवाखान्यात भरती केलं होतं.

"वो रोज आपके लिए दुआ माँगते हैं," ती म्हणाली. "अब चलिए, भैया."

वॉर्डात मी त्याला ओळखलंच नाही. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. थोरला असून मी त्याचे पाय धरले, चुकलो रे म्हणालो.

"दादा, त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. सोडून नऊ दिवस झाले होते. सोडली की हात कापतात."

मग चर्चमधून उठून कुठे गेलास, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी रडत राहिलो, तेव्हा सलाईन लावलेला हात त्यानं माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. "प्रभू, माझ्या दादाला मोकळं कर," एवढीच.

चार दिवसांनी तो गेला. दफनाच्या वेळी मंडळीसमोर मी सगळं सांगितलं आणि पंचपद सोडलं. लोक म्हणाले, उगाच कशाला, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं मिळालेलं नाही. त्याचे ते नऊ दिवस आणि नंतरची सहा वर्षं माझ्याच पदरात आहेत. क्षमा मिळाली, पण ती घ्यायला कित्येक दिवस मन धजेना. वाटायचं, आपल्याला शिक्षाच हवी. चर्चचे पाळक म्हणाले, हाही अहंकारच. खरं आहे. भावानं मरता मरता दिलेलं परत करणारा मी कोण? ते देण्यापुरतं त्याला जिवंत ठेवलं, हे प्रभूचे उपकार.