उजवी पाकळी

तुम्हा दोघांचा प्रश्न मी नीट वाचला. डेटा, सायबर सुरक्षा, क्लाउड आणि एआय, यांतली कुठली वाट पुढे चांगली, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या या आजीने इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, यातलं मला फारसं कळत नाही. पण आमच्या घरात हा प्रश्न पूर्वी एकदा येऊन गेला आहे. तेव्हा तो तुमच्या आईचा होता. काय झालं ते क्रमाने सांगते.

गोवा राज्य झालं त्यानंतरची ती वर्षं. पणजीत नवनवी खाती उघडत होती आणि डिचोलीतल्या प्रत्येक घराला आपलं एक माणूस त्यांपैकी एका खात्यात चिकटावं असं वाटत होतं. तुमचे आजोबा इथल्या खाणीच्या ऑफिसात होते. खनिजाचे ट्रक दिवसभर आमच्या दारावरून जात. सकाळी पुसलेल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, दुपारपर्यंत लाल धूळ बसलेली असे. आजोबा म्हणत, "माती संपली की खाण संपली. सरकार संपत नाही."

तुमची आई म्हापशाला बीएस्सी झाली आणि पणजीत कॉम्प्युटरचा कोर्स करून आली. ती काय शिकली ते शेजारीपाजारी कुणाला सांगता येत नसे. एकीने विचारलं, "म्हणजे टायपिंगच मगे?" आई म्हणाली, "नाही मावशी, मशीनला प्रश्न विचारायला शिकले." मावशी म्हणाली, "प्रश्न विचारायला शिकून पोट भरतं?" आम्ही हसलो. आजोबा हसले नाहीत.

पुढे एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. एक पणजीतल्या सरकारी खात्यातून, कारकुनाच्या जागेसाठी. दुसरं पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं, प्रोग्रॅमिंगसाठी. दोन्हीकडे लगेच कळवायचं होतं. आईला पुण्याला जायचं होतं, पण बापाच्या होकाराशिवाय जायचं नव्हतं. एवढंच तिचं म्हणणं होतं आणि तेच कठीण होतं.

आमच्याकडे अशा वेळी देवाचा प्रसाद घेतात. तुम्ही हे पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव घरच्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. मग सगळे बसून राहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, घराचा पाया, काहीही याशिवाय होत नसे.

देवळात आजोबांनी गुरवाला सांगितलं, "उजवी दिली तर पणजीची नोकरी, डावी दिली तर पुणें." गुरव क्षणभर थांबला, पण त्याने तसंच गाऱ्हाणं घातलं. थोड्या वेळात उजवी पाकळी पडली.

"देवान दिलां न्हय? सोंपलें," आजोबा म्हणाले आणि हात जोडून उठले.

आई उठली नाही. "बाबा, हा प्रश्नच बरोबर नव्हता."

"आता देवाला शिकवणार तू?"

"देवाला नाही, तुम्हाला. तुम्ही दोन प्रश्न एकात बांधलेत. दोन्ही नको म्हणायचं असेल तर देवाने काय करायचं? आणि पणजी उजवीकडेच का ठेवलीत?"

आजोबांचा चेहरा लाल झाला. मराठी राजभाषा व्हावी म्हणून मोर्चात चाललेला हा माणूस चिडला की मात्र कोकणीच बोले. "गप्प राव! कॉम्प्युटर शिकलें म्हणून..."

तेव्हा माझ्या सासूबाई मध्ये पडल्या. घरात सगळ्यांत मोठ्या त्याच. "तिचं खरं आहे. तुझ्या बापाने असं कधी विचारलं नाही. एका गाऱ्हाण्यात एकच गोष्ट. तूं नाका, हांव विचारतां."

गुरवाने पाकळ्या नव्याने लावल्या. सासूबाईंनी एवढंच विचारायला सांगितलं, "हिला पुण्याला पाठवू का?"

आम्ही बसलो. समईची वात दोनदा सारावी लागली. कुणीतरी नारळ घेऊन आलं, थोडं थांबलं, आमच्याकडे बघून निघून गेलं. पाकळ्या हलल्या नाहीत. दुपारी देऊळ बंद करायची वेळ झाली, तेव्हा गुरवाने त्या हळूच काढून निर्माल्यात टाकल्या.

"नको म्हणतो," आजोबा म्हणाले.

"नको म्हणायला डावी होती की," सासूबाई म्हणाल्या. "त्याने आपल्यावर सोडलंय."

 

आई पुण्याला गेली. आजोबांनी होकार दिला नाही, अडवलंही नाही. तिची पेटी स्कूटरवर बांधून त्यांनीच स्टँडवर नेली आणि बस सुटायच्या आत परत फिरले. ती कंपनी वर्षभरातच बुडाली. आईने ते आम्हाला दुसरी नोकरी लागल्यावर सांगितलं. मग बंगळूर, मग तुमचा देश. पणजीच्या जागेवर वाड्यावरची दुसरी मुलगी लागली. ती आता पेन्शन घेते आणि रोज संध्याकाळी आईवडिलांच्या डोळ्यांत औषध घालते. खाणीही बंद पडल्या. ट्रक अंगणाअंगणांत गंजत उभे राहिले. आजोबांचं म्हणणं खरं झालं आणि आईचंही चुकलं नाही. यातून कोणती वाट चांगली ते मला काढता आलेलं नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

तुम्ही सुट्टीला येता तेव्हा परतायच्या आधी आजोबा देवळात जाऊन प्रसाद घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. विचारतात एवढंच, की प्रवास सुखाचा होईल का. उजवी पडली की निमूट घरी येतात. मुलीने कायमचं परत यावं का, हे त्यांनी देवाला कधीच विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, विचारा की. म्हणाले, "आणि डावी पडली तर?"

काल मी त्यांना तुमचा निरोप वाचून दाखवला. चारही नावं त्यांनी दोनदा म्हणायला लावली.  मग म्हणाले, "तांकां विचार, यांतलें गोंयांत बसून खंयचें काम जाता?"

गोव्यात बसून यांतलं कुठलं काम होतं, मी विचारते आहे.