सातवी सुरी

सर्कशीतल्या माणसांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि पन्नाशी उलटली तरी ते तिला चपखल बसत होतं. ती चहा उभ्यानेच पिई, फोनवर बोलताना खोलीभर येरझाऱ्या घाली, आणि लाकडात भोक दिसलं की तिचे हात शिवशिवायला लागत. जुन्या सर्कशींच्या मोठ्या तंबूबाहेर जे छोटे खेळ चालत, त्यांचं सामान दुरुस्त करणं हा तिचा धंदा. धडाविना बोलणाऱ्या मुंडक्याची आरशांची पेटी, ताकद आजमावायचा घण आणि त्याची घंटा, असलं काय काय तिच्याकडे मोडून येई आणि धड होऊन जाई.

या वेळी एका संग्रहालयाकडून आला तो खुद्द तिच्या वडिलांचा फळा. वडील सुऱ्या फेकत आणि आई त्या फळ्याला पाठ टेकून उभी राही. चौदा सुऱ्या, सगळ्या अंगालगत, एकही अंगाला न लागता. मग एका दिवशी वडिलांनी खेळ सोडला तो सोडलाच. उरलेला जन्म एका दुकानात किल्ल्या घासत काढला, घरात भाजी चिरायलासुद्धा कधी सुरी हातात घेतली नाही. का सोडलंत म्हणून विचारलं की म्हणत, "कंटाळा आला." असल्या कलेचा कुणाला कंटाळा येतो होय? भिंगरीला ते कधीच पटलं नाही. वडील गेले आणि प्रश्न तिच्या डोक्यात भुणभुणत राहिला.

फळा तीन फळ्या सुट्या होऊन आला होता. माणसाने आधी त्या जोडून, उभ्या करून, नीट बघाव्या की नाही? पण बाईसाहेबांना धीर कुठला! एकेक फळी टेबलावर आडवी घेतली, दिसेल त्या भोकात भुसा आणि सरस दाबून भरला, वर रंगाचा हात मारला. मग फळ्या जोडल्या. फळा नव्या दारासारखा गुळगुळीत झाला होता. ती जाम खूश झाली.

दुपारी संग्रहालयाच्या मॅडमचा फोन आला. पाचला गाडी येणार होती.

"आणि सुऱ्यांच्या खुणा शाबूत आहेत ना?" मॅडमनी विचारलं. "बाईचा आकार स्पष्ट दिसतो म्हणूनच आम्ही घेतला तो फळा."

भिंगरीने आपल्याच आईला भुसा भरून पुसून टाकलं होतं. फोटोही काढला नव्हता. ती फळ्याभोवती चार चकरा मारून आली, हातातला रंगाचा ब्रश फेकून दिला आणि मागच्या खोलीत जाऊन आईला हाताला धरून घेऊन आली.

आईने फळा पाहिला. "अगं, मी कुठे गेले?"

"मीच बुजवलं गं. आता तूच सांग कुठे कुठे होत्या."

आई हसली, चपला काढल्या आणि फळ्याला टाचा टेकवून उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण पाठ एकदम ताठ झाली. फक्त उंची चार बोटं घटली होती, म्हणून तिच्या पायांखाली दोन जाड वह्या सरकवाव्या लागल्या.

"क्रम ठरलेला असायचा," आई म्हणाली. "मी मनात आकडे मोजायचे, म्हणजे दचकायला होत नसे. एक, डावा कान."

भिंगरीने गरम पाण्यात भिजवलेलं फडकं तिथे दाबून धरलं. सरस मऊ झाला, दाभणाने भुसा निघाला आणि सुरीची बारीक चीर उघडी पडली. दोन, उजवा कान. तीन, डावा खांदा. आईचा अंदाज बोटभरही चुकत नव्हता. भिंगरीला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं, घड्याळाकडे बघ, पाणी गरम कर, पुन्हा घड्याळाकडे बघ. सहा चिरा उघड्या झाल्या.

"आठ, उजवी कंबर," आई म्हणाली.

"आणि सात?"

"ती राहू दे बुजलेली."

"असं कसं? मॅडम मोजतील." भिंगरीने डाव्या बाजूला अंदाजाने फडकं दाबलं. काही नाही. थोडं आत दाबलं. आणखी आत, थेट आईच्या दंडाशी. आईचा दंड बाजूला केला, तिथे दाभण लाकडात रुतलं.

चीर आईच्या आकाराबाहेर नव्हती. दंड जिथे टेकला होता तिथेच होती.

आईच्या डाव्या दंडावर एक लांब वण होता. तंबूच्या पत्र्याने कापलं, असं ती आयुष्यभर सांगत आली होती.

"म्हणजे बाबांचा नेम चुकला," भिंगरी म्हणाली. तिला बसल्या जागी रडू येईल असं वाटलं, पण ती बसलीच नव्हती. "म्हणून सोडलं त्यांनी?"

"त्यांचा नेम कधी चुकला नाही," आई चटकन म्हणाली. "मी हलले."

"तू? सहा वर्षांच्या खेळात एकदाही न हललेली तू?"

आई वह्यांवरून खाली उतरली. तिने पदर दंडावर ओढून घेतला.

"सुरी हातातून सुटली आणि तू पडद्याआडून धावत आलीस. चार वर्षांची होतीस, कुणाच्या हाताला लागतेस थोडीच. मला वाटलं तू मध्ये येतेस, मी हात पुढे केला; सुरी त्याला घासून आत वळली. त्या नव्या फळ्यावरचा तो पहिलाच खेळ, उरलेल्या सात फेकून त्यांनी कसाबसा पुरा केला. तुला कळता कामा नये, एवढंच त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. पोरगी आयुष्यभर मनाला लावून घेईल म्हणाले. किल्ल्या घासेन, म्हणाले."

भिंगरी स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. आईने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उठली, आणि सातवी चीर दाभणाने पार तळापर्यंत साफ केली. मग उरलेल्या सात.

पाचला मॅडम आल्या. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी बोटाने मोजलं. चौदा भरल्या.

"ही एकच आत कशी हो? नेम चुकला वाटतं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "मी धावत आले."