चौथी बॅटरी

विजेवर चालणाऱ्या स्कूटरला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ बांधून फिरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल, तर भीती म्हणजे काय हे तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना सगळी वस्ती आप्पा म्हणते. त्यांच्याइतका भित्रा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून झाला नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे. आप्पा विंचवाला भीत, विजेला भीत, बँकेतल्या शिपायालाही भीत. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याचा आवाज चढला, की ते बटण हळूच मागे फिरवत. न जाणो, आपलंच काही चुकलं असेल! आणि मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात भिंतींना गिलावा नव्हता, पण पत्रकांचे गठ्ठे छताला टेकलेले होते आणि त्यातल्या प्रत्येकात 'निर्भय व्हा' असं कुठे ना कुठे छापलेलं असायचंच. त्यामुळे आप्पा हे मला समाजानं खास माझ्यावर सोपवलेलं काम वाटायचं.

आप्पांनी उभी हयात बाजार समितीत मापाडी म्हणून काढली. कांद्याची पिशवी काट्यावर चढवायची आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा. आकडा कमी वाटला की शेतकरी अंगावर येई, जास्त वाटला की व्यापारी. दोन्ही बाजूंचा ओरडा खाऊन खाऊन त्यांनी एक नियम करून टाकला होता. "मापाड्यानं आकडा सांगावा, मत सांगू न्हाई. आन् आकडाबी कुणी इचारल्याबिगर न्हाई." मात्र या नोकरीत त्यांचे हातच काटा होऊन गेले होते. भोपळा, गॅसची टाकी, पाहुण्याची बॅग, जे हाती येईल ते जरासं वरखाली करायचं आणि पुटपुटायचं. बारशाला गेले की बाळाला हातावर घेऊन डोळे मिटत. नर्सबाईंचा काटा चुकेल पण आप्पा चुकायचे नाहीत, असं बायका म्हणत. माझ्या पत्रकांचा गठ्ठाही त्यांनी तोलला होता. "पाच किलो हाय. वाटून होईस्तवर खांदा धरंल, पोरी," एवढंच म्हणाले. आत काय लिहिलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा.

मांडवगण फराट्याच्या शिवारातली आमची वस्ती. तिथून फाटा चार किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. दोन हजार आठच्या सुमारास त्यांच्या मुलीला, करुणाला, कंपनीत नोकरी लागली. वस्तीवरून कंपनीत जाणारी ती पहिली मुलगी. कंपनीची गाडी सकाळी सातला फाट्यावर येई. आणि नेमका त्याच हिवाळ्यात उसात बिबट्या आला. आमच्याकडे त्याला सरळ वाघ म्हणतात. छोटं नाव दिल्यानं भीती छोटी होत नाही. शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली तेव्हा खुंट्याला फक्त दावं उरलं होतं आणि पाटाच्या ओल्या मातीत माझ्या पंजाएवढे ठसे होते. हे ठसे बघायला सगळी वस्ती लोटली. आप्पा गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दौंडच्या एका मास्तरांकडून विजेवरची जुनी स्कूटर घेतली.

तीच का, याची कारणं त्यांच्याकडे तयार होती. पेट्रोल पेटतं, ही पेटत नाही. ती इतकी हळू चालते की लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, म्हणजे पोलिसाशी बोलायची वेळ येत नाही. तरीही कागद लागत नाहीत हे पोलिसाला पटवून देण्यासाठी रेशनकार्ड, लाइटबिल, मतदान ओळखपत्र आणि करुणाचा जन्मदाखला असं सगळं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवत. चार्जिंगला लावताना रबरी चप्पल घालून लाकडी पाटावर उभे राहत आणि बटण उलट्या हातानं दाबत. थंडीत स्कूटरवर गोधडी टाकत, कारण बॅटरीला गारठा बाधतो असं कुणीतरी सांगितलं होतं. एक अडचण मात्र उरली. ती स्कूटर आवाजच करत नव्हती.

"आवाज न्हाई म्हंजी वाघाला कळनार कसं, आपण आलोय ते?" आप्पा मला म्हणाले. "त्यो दचकंल. आन् दचकला की धरंल."

"मग हॉर्न वाजवा की, आप्पा."

"हॉर्ननं बॅटरी उतरती."

म्हणून घुंगरमाळ. रोज सकाळी धुक्यातून छुनछुन आवाज करत ती स्कूटर फाट्याकडे जायची. पुढे कानटोपीतले आप्पा, मागे डबा मांडीवर घेतलेली करुणा. रस्त्यावरचे लोक ओरडायचे, "आप्पा, बैल कुठं हाय?" ते थांबून नम्रपणे सांगायचे, "बैल न्हाई, स्कूटर हाय."

पण करुणाच्या आईनं, म्हणजे मावशीनं, एक अट घातली होती आणि मावशी आप्पांसारखी नव्हती. ती बोललेलं करायची. "गाडी येकदा जरी उसात थांबली ना, तर दुसऱ्या दिशी पोरगी घरात. मला कंपनी नको, मला पोरगी पायजे." करुणाची नोकरी स्कूटरच्या सीटखालच्या चार काळ्या बॅटऱ्यांवर टांगलेली होती, आणि त्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. सुरुवातीला आठ किलोमीटरची ये-जा करून चार्जिंगचा काटा निम्म्यावर राहायचा. संक्रांतीपर्यंत परतीच्या वाटेवर तो लाल रेघेला टेकू लागला. आप्पा रस्त्याकडे बघेनासे झाले. ते फक्त काट्याकडे बघत चालवायचे आणि दोनदा पाटात जाता जाता वाचले.

मग बॅटऱ्यांचा शोध सुरू झाला. शोरूमवाल्यानं नव्या सेटची किंमत सांगितली तेव्हा आप्पा त्याचे आभार मानून उलट्या पावली बाहेर आले. एकानं इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या दाखवल्या. त्यांच्यातल्या ॲसिडच्या भीतीनं आप्पा ते दुकान आलं की दोन दिवस रस्ता ओलांडून पलीकडून जात. एक म्हणाला, एकच मेलीय, तेवढीच बदला. दुसरा म्हणाला, चार एका माळेत असतात, एक कच्ची निघाली की बाकीच्या तिघींना खाली ओढते. तो खरं सांगत होता, पण तेव्हा मी कुणाचं ऐकण्याच्या वयात नव्हते. शोरूमची लूट, ग्राहकाचे हक्क आणि स्वावलंबन यांवर मी आप्पांना त्यांच्याच ओट्यावर तासभर ऐकवलं. "आपला पैसा आपल्या माणसाकडं गेला पाहिजे, आप्पा!" दौंडला आमच्या चळवळीतल्या एका भावानं बॅटऱ्यांचं दुकान टाकलं होतं. स्वस्त सेट तिथंच मिळेल, हे मी ठरवून टाकलं आणि आप्पांना घेऊन गेले.

त्या भावानं चार बॅटऱ्या टेबलावर मांडल्या, एकेकीला मीटर लावला. चारही ठिकाणी आकडा सारखा. "बघा आप्पा, चौघी बहिणी." आप्पांनी सवयीनं एकेक उचलली. चौथीला त्यांनी दोनदा उचललं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा हिशोब, हक्क आणि आत्मसन्मान असं काहीतरी मोठ्यानं बोलत होते. त्यांनी चौथी अलगद खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं."

महिनाभर सगळं छान चाललं. मग एका सकाळी करुणाला सुट्टी होती आणि मला पत्रकं छापायला दौंडला जायचं होतं. आप्पा म्हणाले, "बस मागं." निम्म्या वाटेवर, जिथं ऊस दोन्हीकडून रस्त्यावर झुकलाय, तिथं घुंगरांचा आवाज हळू होत गेला आणि थांबला. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की पुढचं हँडल तेवढं दिसत होतं. डावीकडच्या उसात वाळलेलं पाचट करकरलं. वारा नव्हता. माझ्या काखेत निर्भयतेचा मजकूर होता आणि मुठीत आप्पांचा सदरा. आप्पा खाली उतरले, उसाच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला स्कूटरच्या दुसऱ्या बाजूला ढकललं. मग घुंगरमाळ सोडून हातात घेतली आणि वाजवायला लागले. हात लटलटत होते, त्यामुळे ती छान वाजत होती.

तिथून आम्ही दोघं स्कूटर ढकलत निघालो. पाचट पुन्हा वाजलं नाही. तिथं काय होतं हे मला आजही माहीत नाही. फाटा दिसल्यावर आप्पा थांबले.

"चौथी हलकी हुती, पोरी. किलोभरानं. मला तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का नाही?"

"तू इचारलं न्हाईस." मग खाली बघत म्हणाले, "आन् तुझं भ्या वाटलं."

विंचू, वीज, बँकेतला शिपाई, वाघ आणि मी. इतकी पत्रकं लिहिली, पण कुणाच्या यादीत माझं नाव असेल हे मला सुचलं नव्हतं.

उद्या करुणाला कामावर जायचं होतं. फाट्यावरच्या गॅरेजात आप्पांनी चौथी बॅटरी काढून गोणपाटात बांधली आणि आम्ही एसटीनं दौंड गाठलं. दुकानदार भाऊ हसला. "आप्पा, मीटर दाखवतोय ना बरोबर? वजनावर काय बॅटरी घेतात? ती काय कांदाय?" मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटलं. मग आप्पांना विचारलं, "आप्पा, आकडा सांगा."

त्यांनी दोन्ही हातांत बॅटरी धरली, डोळे मिटले आणि बाजार समितीत पुकारत तशा आवाजात आकडा पुकारला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भंगारातलं शिसं तोलायला तिथं काटा होताच. बॅटरी त्यावर ठेवली. आकडा तोच आला. भावानं तो वाकून दोनदा वाचला आणि त्याचं हसू गेलं. "आत शिसंच कमी भरलंय. मला पुरवणाऱ्यानंच फसवलं, आप्पा," तो म्हणाला आणि फळीवरच्या सगळ्या बॅटऱ्या पुढ्यात मांडल्या. "घ्या, सगळ्यात जड काढा."

"जड नको," आप्पा म्हणाले. "बाकीच्या तिघींएवढी पायजे. सारखी." समता या विषयावर मी तोवर तीन पत्रकं लिहिली होती. त्यांनी अकरा बॅटऱ्या उचलल्या आणि बारावी ठेवून घेतली. दुपारी ती बसवली, रात्रभर चार्ज केली आणि सकाळी छुनछुन करत करुणा कामावर गेली. मावशीला हे आम्ही अजून सांगितलेलं नाही.

त्या चौघी पुढं दोन उन्हाळे टिकल्या. तोवर करुणानं स्वतःची पेट्रोलची गाडी घेतली. तिच्यामागे बसायला आप्पा भितात. जुनी स्कूटर गोठ्यात गोधडीखाली उभी आहे, घुंगरमाळेसकट. परवा मी नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो वरखाली केला, डोळे मिटले, बराच वेळ. "आता हाताला कळत न्हाई गं," म्हणाले. मग प्रथमच विचारलं, "काय लिवलंय ह्यात?" मी वाचून दाखवायला बसले. हळू आवाजात.

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. उद्या दुकानात, सभेत, घरच्या ओट्यावर तुम्ही तावातावानं बोलत असाल आणि शेजारी एखादा भित्रा माणूस तीच वस्तू दुसऱ्यांदा उचलून बघत असेल, तर वाक्य तिथंच तोडा. त्याला आकडा विचारा. आणि तो सांगेपर्यंत थांबा.