भूगोलाला ठेका देणाऱ्या सुमनताई

सुमनताई तेलगोटे यांची माझी पहिली भेट पातूरजवळच्या एका शाळेच्या पटांगणात झाली. मी विज्ञानाची नवी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला आले होते. पाहते तर पाचवीची मुले लाल ओढण्या घेऊन सरपटत होती आणि त्यांना भूगोल शिकवणाऱ्या ताई डफावर थाप देत सांगत होत्या, “थंड व्हा! आता दगड झाले तुमी!” मुले थिजली, त्यांच्यावर ओढण्या पसरत दुसरी रांग आली. लाव्हारसाचे थर साचून आपल्या वऱ्हाडाचा काळा खडक कसा झाला, हे पदवी घेऊनही मला इतके स्वच्छ दिसले नव्हते.

रंगपेट्या नाहीत म्हणून ताई कधी अडल्या नाहीत. शेतातली काळी माती, टेकडीचा मुरूम, नाल्यातली चुनखडी यांत डिंक कालवून मुले जमिनीचे थर रंगवत. माझा पहिलाच तास फसला तेव्हा मी रडवेली झाले होते. ताईंनी उपदेश केला नाही. माझा हात धरून त्या म्हणाल्या, “चल, तू नदी हो. पोरं काठ होतीन.”

हे सर्वांनाच रुचत नव्हते. शिक्षण खात्याकडे तक्रारी गेल्या. तपासणीला आलेले साहेब कडाडले, “बाई, हा तमाशा बंद करा!”

“पोराईले विचारून पाहा, साहेब. मंग बंद करा.”

साहेबांनी मुद्दाम मागच्या बाकावरच्या अबोल पल्लवीला उठवले. “भूकंप कसा होतो?”

पल्लवीने मैत्रिणीला बोलावले. दोघींनी खांद्याला खांदा लावून नेट धरला. ताण वाढत गेला, एकदम खांदे निसटले आणि दोघींच्या पायांनी फरशी दणाणली.

“खडक एकमेकाले रेटून राहिले, साहेब. अडकले तवरिक काही होत नाही. सुटले का धरती हालते.”

“हे कुठं वाचलंस?”

“वाचलं नाही, साहेब. नाचलं!”

साहेब खळखळून हसले. पुढच्याच वर्षी त्यांनी ताईंना शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला अमरावतीला सन्मानाने बोलावले. पल्लवी आज भूशास्त्रज्ञ आहे. विहीर कुठे खणावी, हे गावोगावी तिला विचारतात.

ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्यांच्या गच्चीवर दर रविवारी अजून मुलांचे पर्वत उभे राहतात. त्यांच्या गुडघ्यांना बळ लाभो, आवाजाची धार टिको आणि शंभरी ओलांडेपर्यंत त्यांनी आम्हा शिक्षकांना धाप लागेस्तोवर नाचवावे, एवढेच मागणे.