मागून येणाऱ्याची जागा

उन्नतीने अकरावीला फ्रेंच घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. तिचे वडील गोटीराम मोरा बंदरावर लाँचचा दोर फेकायचे आणि पकडायचे. मुलगी ज्या भाषेत पहिली आली, ती बोलणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नाही. उन्नतीनेही फारसा पाहिला नाही, पण रोज ऐकला. तुर्भ्याच्या एका काचेच्या इमारतीत बसून ती अटलांटिकमधल्या एका छोट्या बेटाच्या बोटीची तिकिटं फोनवर काढून देते. बेटाचं नाव बाहेर सांगायचं नाही असं करारात आहे, आणि आपण कुठून बोलतो हे बेटाला सांगायचं नाही असंही आहे. म्हणून बेटासाठी ती क्लेअर.

तीनशे वर्षांपूर्वी मासेमारीला आलेली चार कुटुंबं तिथेच राहिली. आडनावं अजूनही तेवढीच. त्यामुळे माणसं ठिकाणावरून ओळखली जातात, विहिरीवाला ल्यूक, गिरणीकडची ऑदेत. (ऑदेतने ल्यूकशी लग्न करून पन्नासेक वर्षं झाली, तरी ती गिरणीकडचीच.) फोनवर कुणी नाव सांगत नाही. "मी बोलतोय," एवढंच. उन्नतीला आवाजावरून कळतं. सानपाड्याला ती आईसोबत राहते, तिथे समोरच्या फ्लॅटवाल्यांचं आडनाव मात्र तिला माहीत नाही. दारावर पाटी आहे, वाचायचं राहून गेलंय.

बेटाची एक रीत होती. प्रत्येक बोटीत कप्तानाजवळची एक जागा विकायची नाही. तिला म्हणायचे मागून येणाऱ्याची जागा. तिकिटं संपल्यावर कुणाचं बाळंतपण अडतं, कुणी पलीकडच्या हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत असतं, ती जागा त्यांच्यासाठी. बंदरावरचा अधिकारी डोकी मोजतो आणि एक डोकं जास्त झालं तर बोट सोडत नाही, म्हणून ही सोय.

पण कॉम्प्युटरला रिकामी जागा कळत नाही. त्याला ती विकायची राहिलेली जागा वाटते. पहिल्याच हिवाळ्यात उन्नतीने त्यावर उपाय काढला. प्रत्येक बोटीत त्या जागेवर आईचं नाव टाकायचं. सखू. कुणी खरंच मागून आलं, की सखूचं तिकीट रद्द करून त्याला द्यायचं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती.

"मना न इचारता माजा तिकीट काढलास? मंग बोटीवर जेवान तरी देतान का?"

"तू जात नाहीस गं. नुसतं नाव आहे."

"म्हंजे मतदार यादीसारका," आई म्हणाली आणि खवले काढू लागली.

अशी नऊ वर्षं गेली. त्यात गोटीराम गेले. उन्नती तेराव्यानंतर कामावर आली आणि तिच्या कॉलचे मार्क आधीपेक्षा चांगले यायला लागले. आवाज स्थिर झालाय, असा शेरा होता.

गेल्या फेब्रुवारीत कॉल तपासून मार्क देणारा क्वालिटीचा राजवर्धन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "उन्नती, ही सखू कोण? रोज बुकिंग आणि कधी चढतच नाही. बाई आहे का भूत?"

त्या वेळी तिने रीत समजावून सांगायला हवी होती. पण मग नऊ वर्षं खोटं नाव टाकल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि त्याला नोकरीवरून काढण्याचं कलम होतं.

"टेस्ट एन्ट्री आहे," ती म्हणाली. "काढायची राहिली."

"काढून टाक मग. टेन्शन नको घेऊ."

तिने काढून टाकली. टेन्शनही घेतलं नाही. बेटावर कुणाला कळलं नाही, कारण त्या आठवड्यात मागून कुणी आलंच नाही.

मग वादळाचा इशारा आला. शेवटची बोट पळणाऱ्या पर्यटकांनी भरली, कप्तानाजवळच्या जागेसकट. तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतोय. ऑदेत तिकडे हॉस्पिटलात आहे. डॉक्टर म्हणतात, आजच ये. ती जागा दे, पोरी."

उन्नतीने कॉल होल्डवर टाकला आणि राजवर्धनला विचारलं, एका पर्यटकाचं तिकीट रद्द करू का?

"कुणाचं करणार? ज्याचं करशील तो ओरडणार, आणि रिव्ह्यू ओरडणारा लिहितो. पॉलिसी नाही, उन्नती."

त्याच्या परवानगीशिवाय ते बटण चालत नव्हतं. टेस्ट एन्ट्री नव्हती हे अजूनही सांगता आलं असतं. तिने हेडफोन नीट केला. कानाच्या मागे टोचत होता. तिला जाणवलं ते एवढंच.

"थांबल्याबद्दल आभारी आहे. ही बोट पूर्ण भरली आहे. पुढची मंगळवारी."

"भरलीय ते माहीत आहे मला. ती जागा म्हणतोय."

"ती जागा विकली गेली आहे."

"कुणाला?" ल्यूकने विचारलं.

"ती माहिती देता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. बेटावरची माणसं घरच्यांवर ओरडत नाहीत, आणि क्लेअर घरचीच.

मंगळवारी सकाळी त्याने पुन्हा फोन केला. स्वतःसाठी जायचं-यायचं तिकीट हवं होतं, ऑदेतसाठी फक्त यायचं. पडद्यावर प्रवाशांचे प्रकार होते: प्रौढ, मूल, ज्येष्ठ. उन्नतीने पाहिलं, शवपेटी 'सामान'मध्ये येत होती. तिने लांबी विचारली. त्याने सांगितली, आणि म्हणाला, "पुढच्या वेळी ती जागा ठेव. माझ्यासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी."

"आपली सूचना नोंदवली आहे," ती म्हणाली. सूचना नोंदवायला पडद्यावर जागा नव्हती.

शुक्रवारी राजवर्धनने नव्या बॅचला वादळाच्या दिवशीचा कॉल ऐकवला. ग्राहक हळवा, मागणी नियमाबाहेरची, पण एजंटचा सूर कुठे चढला नाही की पडला नाही. "धिस इज द स्टँडर्ड," तो म्हणाला. पोरापोरींनी वळून उन्नतीकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, इतरांच्या आधी थांबू नये एवढ्या बेताने.