यंदा न तोडलेली कुलू

सकाळी सहाच्या एसटीने मी नाशिक सोडलं. मी रानवनस्पतींच्या बीजपेढीत काम करते. रानातलं बी गोळा करायचं, वाळवायचं आणि कडक थंडीत जपून ठेवायचं, हा आमचा उद्योग. या खेपेला हवं होतं भिवंडीजवळच्या कोनमधल्या कुलूचं (आमच्याकडची फोडशी, गवतासारख्या पातीची रानभाजी) बी. तिथल्या एका टेकाडावरच्या कुलूसारखी रुंद पात मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही. आणि ते टेकाड गोदामासाठी विकलं गेलं होतं. दोन दिवसांनी जेसीबी लागणार होता.

भिवंडीत धामणकर नाक्यावर कापडाच्या गाठींचे ट्रक एकमेकांना अडवून उभे. तासभर गेला. तिथून धरलेल्या शेअर रिक्षाचा रिक्षावाला पूर्वी यंत्रमागावर कामाला होता म्हणे. त्याने कामतघरच्या गल्ल्यांतून, मागांच्या खडखडाटातून रिक्षा काढली. माझ्या मांडीवरच्या कागदी पिशव्या पाहून म्हणाला, “मॅडम, बीज लेने इतनी दूर? दुकान में नहीं मिलता?”

“मिळत असतं तर तुझ्या रिक्षात अशी आंबून बसले असते का रे?” मी मराठीतच करवादले. तो हसला आणि त्याने मला थेट टेकाडाच्या पायथ्याशी सोडलं. देव त्याचं भलं करो!

मंजुळाताई वाट पाहत उभ्या होत्या. गेल्या वर्षी रानभाज्या शोधत फिरताना त्यांची ओळख झाली होती. जमीन त्यांच्या दिराची. विकताना त्यांना कोण विचारणार? पावसाळ्याआधी मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “ताई, थोडी तरी कुलू राखा.” फार आशा नव्हतीच. कोवळी पात सगळं गाव खुडून नेतं, मग तिला बी धरायला सवड कुठली?

वर चढले आणि बघतच राहिले. अख्ख्या उतारावर वाळलेले दांडे, दांड्यांवर तिधारी बोंडं, बोंडांत काळंभोर बी. “अगं बाई!” एवढंच तोंडातून निघालं.

पाचातलं एक बोंड घ्यायचं, चार मातीला सोडायची, हा आमचा नियम. मी इमानदारीत मोजून खुडू लागले. ताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“आन् बाकीचं कोनासाठी, बाय? जेसीबीसाठी?”

मी चांगलीच ओशाळले. मग दोघींनी उन्हं कलेपर्यंत एकूण एक बोंड खुडलं.

घरी त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. भुकेने मी तीन भाकऱ्या हाणल्या. मग विचारलं, “ताई, एवढी कुलू कुणीच कशी तोडली नाही?”

“पयली जुडी गावदेवीला. ती ठेवल्याबिगर गावात कोन पात तोडत न्हाय. आन् ठेवायचा मान आमच्या घरचा, माझ्या हातचा.” त्यांनी मला पुन्हा कालवण वाढलं. “यंदा म्या ठेवलीच न्हाय.”

मी विचारलं, “लोक काही बोलले नाहीत?”

“बोलले की. जावेनं तर माझ्याशी बोलनंच टाकलंय. देवीला सांगितलं, रागावायचं तं माझ्यावं रागाव. तुलाबी पुढल्या साली भाजी पायजेल ना?”

मी वाकून त्यांच्या पाया पडले. “उठ गो, कालवण थंड होतंय,” त्या म्हणाल्या.

नाशिकला परतल्यावर बी वाळवलं. नोंदीच्या कागदावर ‘संकलक’ या रकान्यात सवयीने माझं नाव पडलं होतं. ते खोडून त्यांचं लिहिलं. हे काम करताना इतकी वर्षं मला वाटायचं, झाडं आपण वाचवतो. कसलं काय! कुणीतरी आधीच सगळ्यांचा राग अंगावर घेऊन बसलेलं असतं, आपण फक्त पिशव्या घेऊन पोहोचतो.

बी थंडीत ठेवण्याआधी त्यातलं थोडं ओल्या कागदावर रुजवून पाहिलं. काही दिवसांनी सकाळी डबी उघडली, तर हिरवी टोकं! तशीच उभ्याउभ्या ताईंना फोन लावला.

“ताई, रुजलं!”

पलीकडून ताईंचा आवाज आला, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. बोलणं टाकलेल्या जावेला अंगणातून हाका मारत होत्या, “अगो, बाहेर ये! आपली कुलू जगली गो!”