लेकीची उंची आणि तांदळाची गोणी

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मनुरेवा भागात राहत होतो तेव्हाची गोष्ट. चौदा वर्षांची लेक शाळेच्या रग्बी टीममध्ये गेली आणि कोचने तिला जिममध्ये वजनं उचलायला लावली. नवरा खवळला. "उंची खुंटेल पोरीची!" हा माणूस स्वतः जेमतेम पाच फूट तीन इंच, आणि लॅपटॉपपेक्षा जड काही उचलताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

हाडांची डॉक्टर असलेली माझी मैत्रीण जेवायला आली, तेव्हा तिने त्याला समजावलं, की शिकवणारा नीट असेल तर वजनांनी उंची खुंटत नाही. पण स्काइपवर त्याचा पुण्याचा मामा म्हणाला, खुंटते. मामा बँकेतून रिटायर झालेला. तरी जिम बंद झाली ती झालीच.

त्याच शनिवारी आम्ही इंडियन दुकानातून वीस किलो तांदळाची गोणी आणली. घरापाशी गाडी थांबताच नवऱ्याने कमरेवर हात ठेवला. "माझी पाठ धरलीय. तू घे गं, बाळा."

लेकीने गोणी खांद्यावर टाकली आणि दारातच थांबली. "बट बाबा, माय हाइट?"

"तांदळाने काही होत नाही," असं म्हणून त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.